विश्लेषण : ताकद वाढवणे सोपे, इंजिन टिकवणे अवघड! माझदा आरएक्स-७ चे मालक मोटारीत नेमके काय बदलतात?

माझदा कंपनीने आरएक्स-७ या स्पोर्ट्स कूपेचे उत्पादन २००२ मध्ये थांबवले. त्याला दोन दशकांहून अधिक काळ लोटला, तरी जपान, अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये या मोटारीची मागणी कमी झालेली नाही. उलट चांगल्या अवस्थेतील गाड्या दुर्मीळ होत चालल्याने किमती चढ्याच आहेत. दिसायला देखणी, वजनाला हलकी आणि चालवायला चपळ अशी ही मोटार सांभाळणे मात्र सोपे नाही. कारण तिच्या बॉनेटखाली नेहमीचे पिस्टनचे इंजिन नसून रोटरी इंजिन आहे. त्यात बदल करून ताकद वाढवणे तुलनेने सहज शक्य होते. पण एक चूक झाली की सगळे इंजिनच निकामी होते. ही मोटार बाळगणे आणि तिच्यात बदल करणे म्हणजे काय, याविषयी…

आरएक्स-७ कोणती मोटार?

आरएक्स-७ ची पहिली पिढी १९७८ मध्ये बाजारात आली. दुसरी, म्हणजे ‘एफसी’ या सांकेतिक नावाची पिढी १९८५ मध्ये आणि तिसरी ‘एफडी’ १९९१ मध्ये आली. तिन्ही पिढ्या मिळून सुमारे ८ लाख ११ हजार गाड्या तयार झाल्या. त्यांपैकी सर्वांत लोकप्रिय ठरलेल्या एफडीची संख्या फक्त ६८ हजारांच्या आसपास होती. अपघात, गंज आणि बिघडलेली इंजिने यांमुळे त्यातल्या कितीतरी गाड्या रस्त्यावरून गेल्या.

एफडीचे वजन साधारण १,२५० ते १,३०० किलो. इंजिन लहान आणि बुटके असल्याने ते पुढच्या चाकांच्या आसापेक्षा मागे व खाली बसवता आले. त्यामुळे पुढच्या आणि मागच्या चाकांवर जवळपास समान भार पडतो आणि गाडी वळणावर चटकन वळते. जपानी बाजारात तिची ताकद सुरुवातीला २५५ अश्वशक्ती होती, ती वाढत १९९९ मध्ये २८० वर पोहोचली. त्या काळी जपानी मोटार कंपन्यांमध्ये २८० अश्वशक्तीच्या वर जायचे नाही, असा अलिखित संकेत होता.

‘इनिशियल डी’ या जपानी मालिकेत डोंगरी घाटांत गाड्या पळवणाऱ्या ताकाहाशी बंधूंपैकी एकाकडे एफसी, तर दुसऱ्याकडे एफडी दाखवली आहे. २००६ च्या ‘द फास्ट अँड द फ्युरियस : टोकियो ड्रिफ्ट’ या चित्रपटातही केशरी-काळी आरएक्स-७ होती. या गाडीचे नाव जपानबाहेरच्या तरुण पिढीपर्यंत पोहोचण्यात या दोहोंचा मोठा वाटा आहे.

रोटरी इंजिन चालते कसे?

नेहमीच्या इंजिनात पिस्टन वर-खाली होतो आणि कनेक्टिंग रॉड व क्रँकशाफ्टमार्फत त्या हालचालीचे रूपांतर फिरण्यात होते. रोटरीमध्ये पिस्टन नाही, कनेक्टिंग रॉड नाही आणि व्हॉल्व्हही नाहीत. भुईमुगाच्या दोन दाण्यांच्या शेंगेसारख्या आकाराच्या पोकळ आवरणात फुगीर बाजूंचा एक त्रिकोणी रोटर फिरत राहतो. त्याची तिन्ही टोके आवरणाच्या भिंतीला सतत टेकलेली असतात. त्यामुळे रोटर आणि भिंत यांच्यामध्ये तीन कप्पे तयार होतात. एकात पेट्रोल-हवेचे मिश्रण ओढले जात असताना दुसऱ्यात ते दाबले जाते किंवा पेटते आणि तिसऱ्यातून धूर बाहेर पडतो.

रोटरची एक फेरी पूर्ण होते तेव्हा मधला शाफ्ट तीन वेळा फिरलेला असतो. म्हणजे गेजवर आठ हजार आरपीएम दिसत असताना रोटर मिनिटाला जेमतेम २,६६७ फेऱ्या घेत असतो. वर-खाली आदळणारे भाग नसल्याने इंजिन इतके सुरळीत फिरते की मर्यादा जवळ आल्याचे चालकाला जाणवतही नाही. म्हणून आरएक्स-७ मध्ये आरपीएमची मर्यादा जवळ आली की बझर वाजतो.

एफडीचे ‘१३बी’ इंजिन कागदावर केवळ १,३०८ सीसीचे आहे. ६५४ सीसीचे दोन कक्ष आणि त्यांत दोन रोटर. पण शाफ्टच्या प्रत्येक फेरीत प्रत्येक रोटरमागे एक स्फोट होतो. चार सिलिंडरच्या नेहमीच्या इंजिनात तेवढ्याच वेळात तेवढेच स्फोट व्हायचे, तर ते इंजिन २.६ लिटरचे असावे लागेल. लहान चणीतून एवढी ताकद निघते ती यामुळे. म्हणूनच जपानमध्ये वाहनकर आकारताना रोटरीची क्षमता दीडपट धरली जाते आणि ही गाडी दोन लिटरच्या गटात मोजली जाते.

मग बाकीच्या कंपन्यांनी ते का सोडले?

या इंजिनाची मूळ कल्पना जर्मन अभियंता फेलिक्स वांकेल यांची. एनएसयू या जर्मन कंपनीत १९५७ मध्ये त्याचा पहिला नमुना चालला. अनेक बड्या कंपन्यांनी परवाने घेतले. १९६७ मध्ये एनएसयूने ‘रो ८०’ ही आलिशान मोटार आणली. पण सील लवकर झिजू लागले, वॉरंटीत इंजिने बदलून देता देता कंपनी जेरीस आली आणि तिला दुसऱ्या कंपनीत विलीन व्हावे लागले. पुढे १९७३ च्या तेलसंकटाने जास्त पेट्रोल पिणाऱ्या या इंजिनाची उरलीसुरली बाजारपेठही आटली.

हिरोशिमाच्या माझदाने, म्हणजे तेव्हाच्या तोयो कोग्यो कंपनीने, १९६१ मध्ये परवाना घेतला होता. केनिची यामामोतो यांच्या नेतृत्वाखाली ४७ अभियंत्यांचा गट कामाला लागला. जपानी आख्यायिकेतील ४७ सामुराईंवरून त्यांना ‘४७ रोनिन’ म्हटले जाऊ लागले. रोटरच्या टोकांच्या थरथरीमुळे आवरणाच्या भिंतीवर ओरखडे उठत. त्यांना ‘सैतानाच्या नख्यांचे ओरखडे’ असे नाव पडले होते. ॲल्युमिनियम मिसळलेल्या कार्बनची पट्टी वापरून त्यांनी ती अडचण सोडवली आणि १९६७ मध्ये ‘कॉस्मो स्पोर्ट’ ही माझदाची पहिली रोटरी मोटार विक्रीला आली. यामामोतो पुढे कंपनीचे अध्यक्ष झाले. १९९१ मध्ये चार रोटरच्या इंजिनाची ‘७८७बी’ ही माझदा फ्रान्समधील ‘ल मान्स’ ही २४ तासांची शर्यत जिंकली. जपानी कंपनीचा तो तेथील पहिला विजय होता.

दुखणे नेमके कुठे?

रोटरच्या प्रत्येक टोकावर खाचेत बसवलेली एक बारीक पट्टी असते. तिला ‘अपेक्स सील’ म्हणतात. पिस्टनच्या रिंगचे काम रोटरीत ही पट्टी करते. ती भिंतीवर सतत घासत असल्याने तिला तेल लागते. म्हणून इंजिन स्वतःच थोडे थोडे ऑइल ज्वलनकक्षात सोडते आणि ते पेट्रोलबरोबर जळते. म्हणजे रोटरी इंजिन ऑइल ‘खाते’ हा बिघाड नसून तिची रचनाच तशी आहे. जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरच्या पेट्रोलमध्ये ‘टू-टी’ ऑइल टाकून घेणाऱ्यांना हे लगेच उमगेल. आरएक्स-७ चे कित्येक मालक आजही पेट्रोल भरताना टाकीत थोडे टू-स्ट्रोक ऑइल मिसळतात, ते या पट्ट्यांचे आयुष्य वाढावे म्हणूनच.

दुसरा शत्रू उष्णता. पिस्टनच्या इंजिनात एकाच सिलिंडरमध्ये गार हवाही येते आणि स्फोटही होतो. रोटरीत स्फोट नेहमी आवरणाच्या एकाच बाजूला होतो आणि गार मिश्रण नेहमी दुसऱ्या बाजूने येते. एक बाजू सतत तापलेली, दुसरी तुलनेने थंड. त्यात मधले आवरण ॲल्युमिनियमचे आणि कडेच्या प्लेटा बिडाच्या. तापल्यावर दोन्ही धातू वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात. अशा वेळी त्यांच्यामधले कूलंटचे रबरी सील दबतात, कडक होतात आणि एकदा गाडी जास्त तापली की फुटतात. मग कूलंट ज्वलनकक्षात शिरते आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येऊ लागतो. इंजिन उतरवून उघडण्यावाचून मग इलाज उरत नाही.

ज्वलनकक्ष लांबट असल्यामुळे सगळे पेट्रोल पूर्ण जळत नाही. त्यासाठी प्रत्येक रोटरला दोन-दोन स्पार्क प्लग दिलेले असतात. तरीही मायलेज कमीच. लिटरला सात-आठ किलोमीटर मिळाले तर मालक समाधानी असतो; जोरात चालवली तर तेवढेही मिळत नाहीत.

बदलांची सुरुवात कुठून होते?

मोटारीत बदल म्हटले की मोठा टर्बो, रुंद चाके आणि आवाज करणारा सायलेन्सर डोळ्यांसमोर येतो. रोटरीच्या जाणकार गॅरेजांमध्ये क्रम वेगळा असतो : आधी थंडावा, मग नियंत्रण आणि सर्वांत शेवटी ताकद.

पहिले काम रेडिएटरचे. मूळ रेडिएटरच्या जागी जाड ॲल्युमिनियमचा रेडिएटर बसवला जातो. शीतकरण व्यवस्थेतील प्लास्टिकची छोटी टाकी वयोमानाने तडकते, ती काढून धातूची लावतात. एफडीच्या डॅशबोर्डवरील तापमानाचा काटा ही आणखी एक अडचण. इंजिन तापू लागले तरी तो बराच वेळ मध्यावरच राहतो आणि हलतो तोवर उशीर झालेला असतो. म्हणून पाण्याचे तापमान, ऑइलचा दाब आणि टर्बोचा दाब दाखवणारे वेगळे गेज हा अनेक मालकांचा पहिला खर्च असतो.

दुसरे काम नळ्यांचे. एफडीला दोन टर्बो आहेत. एक कमी वेगात काम करतो, दुसरा साधारण ४,५०० आरपीएमनंतर साथीला येतो. ही अदलाबदल सांभाळण्यासाठी इंजिनावर बारीक रबरी नळ्यांचे आणि झडपांचे जंजाळ आहे. पंचवीस-तीस वर्षांच्या उष्णतेने या नळ्या कडक होऊन तडकतात. एकही नळी निसटली तर दुसरा टर्बो वेळेवर जागा होत नाही किंवा दाबाचा मेळ बिघडतो. सगळ्या नळ्या सिलिकॉनच्या करून घेणे हे किचकट पण अत्यावश्यक काम. काही मालक ही भानगडच नको म्हणून दोन्ही टर्बो काढून एकच मोठा टर्बो लावतात. त्याने देखभाल सोपी होते, कमाल ताकद वाढते. मात्र कमी वेगातला चटपटीतपणा जातो.

ताकद वाढवताना धोका कोणता?

रोटरीतून निघणारा धूर अतिशय गरम आणि जोरकस असतो. टर्बो फिरवायला तो उत्तमच. त्यामुळे हवेचा दाब वाढवला की अश्वशक्ती झपाट्याने वाढते. मोह इथेच होतो. सायलेन्सरच्या मार्गातील अडथळे काढले, तर मूळ यंत्रणा टर्बोचा दाब आवरू शकत नाही आणि तो ठरलेल्या मर्यादेच्या वर सरकतो. हवा वाढली, पण पेट्रोल तेवढेच राहिले, तर मिश्रण पातळ होते. पातळ मिश्रण वेळेआधी आणि धक्क्याने पेटते. मेकॅनिक ज्याला ‘नॉकिंग’ म्हणतात ते हेच.

पिस्टनचे इंजिन थोडेफार नॉकिंग सहन करते. रोटरीत त्या धक्क्याने अपेक्स सीलचा तुकडा पडू शकतो. तो तुकडा आवरणाच्या गुळगुळीत भिंतीवर ओरखडे काढत धुराबरोबर बाहेर जातो आणि वाटेत टर्बोच्या पात्यांवर आदळतो. काही क्षणांत इंजिन आणि टर्बो दोन्ही जातात. म्हणून दाब वाढवण्याआधी मोठे इंजेक्टर, दमदार पेट्रोल पंप, मोठा इंटरकूलर आणि नव्याने प्रोग्रॅम करता येणारा इंजिन कॉम्प्युटर बसवावा लागतो. मग डायनोवर गाडी चालवून प्रत्येक आरपीएमला पेट्रोल किती आणि ठिणगी कधी, हे जुळवले जाते. हे काम रोटरीचा अनुभव असलेल्या माणसाकडूनच करून घेतात. पिस्टनच्या गाड्यांत निष्णात असलेला ट्यूनर इथे फसू शकतो.

पुढची पायरी ‘पोर्टिंग’ची. रोटरीत व्हॉल्व्ह नसल्याने हवा आत येण्याची आणि धूर बाहेर जाण्याची वेळ भिंतीतल्या छिद्रांच्या आकारावर ठरते. छिद्र घासून मोठे केले की इंजिन अधिक श्वास घेते. ‘स्ट्रीट पोर्ट’ रोजच्या वापरात चालतो. ‘ब्रिज पोर्ट’ केलेली गाडी मात्र सिग्नलला उभी असताना ठोके चुकल्यासारखी ‘ब्रॅप-ब्रॅप’ आवाज करत धडधडते. तो आवाज चाहत्यांना संगीतासारखा वाटतो; पण पेट्रोल अधिक जळते, सील लवकर झिजतात आणि गर्दीत गाडी चालवणे त्रासाचे होते. चिबा प्रांतातील आरई आमेमियासारख्या जपानी कार्यशाळांनी अशा कामांची शैलीच घडवली, तर न्यूझीलंडचे ड्रिफ्ट चालक माइक विडेट यांनी चार रोटरच्या आरएक्स-७ ने जगभर प्रेक्षक जमवले. या गाड्यांमागे शर्यतीचे बजेट आणि मेकॅनिकांचे पथक असते, हे मात्र विसरून चालत नाही.

रोटरी काढून व्ही-८ बसवण्याचा वाद काय?

अमेरिकेत कित्येकांनी बिघडलेले रोटरी इंजिन काढून तिथे जनरल मोटर्सचे ‘एलएस’ मालिकेतील आठ सिलिंडरचे ॲल्युमिनियमचे इंजिन बसवले. सुटे भाग कुठेही मिळतात, ताकद भरपूर आणि सील फुटण्याची धास्ती नाही, असा त्यांचा युक्तिवाद. त्यात तथ्य आहे. पण लहान, बुटक्या इंजिनाभोवती रचलेल्या गाडीचा तोल त्याने बदलतो आणि आरएक्स-७ ला इतरांपासून वेगळे करणारी गोष्टच निघून जाते, असे रोटरीप्रेमी म्हणतात. आता या वादात पैशाचीही भर पडली आहे. मूळ इंजिनाच्या, कमी बदल केलेल्या गाडीला संग्राहक जास्त किंमत मोजतात. स्वस्ताईच्या काळात केलेला बदल आज मालकाला महाग पडू शकतो. त्यामुळे काढलेले मूळ भाग फेकून न देता जपून ठेवण्याकडे मालकांचा कल वाढला आहे.

विकत घेताना काय पाहतात?

सर्वांत महत्त्वाची चाचणी कॉम्प्रेशनची. नेहमीचा गेज इथे पुरेसा नाही. रोटरच्या तिन्ही बाजूंचे दाब वेगवेगळे दाखवणारे खास यंत्र लागते. तिन्ही आकडे पुरेसे मोठे आणि एकमेकांच्या जवळ हवेत. एकच आकडा पडलेला असेल, तर त्या बाजूच्या सीलमध्ये दोष असण्याची शक्यता मोठी. इंजिन पूर्ण तापल्यावर बंद करून पुन्हा सुरू करून पाहतात. थकलेली रोटरी गरम असताना चटकन सुरू होत नाही. रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात का, कूलंट कमी होते का, हेही पाहिले जाते. इंजिन आधी उघडले असेल तर ते कोणी, कधी आणि कोणते भाग घालून बांधले, याची कागदपत्रे मागितली जातात.

रोजच्या सवयीही वेगळ्या. इंजिन थंड असताना सुरू करून गाडी चार हात मागे-पुढे घ्यायची आणि लगेच बंद करायची, हे टाळावे लागते. कारण न जळलेले पेट्रोल आत साचून पुढच्या वेळी इंजिन सुरूच होत नाही. ऑइलची पातळी वरचेवर तपासायची. इंजिन पूर्ण तापेपर्यंत ॲक्सिलरेटर दाबायचा नाही. एवढे करूनही एक ते दीड लाख किलोमीटरच्या दरम्यान टर्बो असलेले इंजिन उघडावे लागले, तर ते जगावेगळे मानले जात नाही. अमेरिकेत या कामाला काही हजार डॉलर लागतात.

कायदा काय सांगतो?

जपानमध्ये ‘शाकेन’ ही सक्तीची वाहनतपासणी नव्या खासगी मोटारीला तीन वर्षांनी आणि नंतर दर दोन वर्षांनी असते. आवाज, धूर, जमिनीपासूनची उंची अशा अनेक गोष्टींवर गाडी अडते. १९९५ मध्ये सुट्या भागांच्या बदलांवरील बंधने सैल झाल्यावर तिथला बदलांचा व्यवसाय वाढला. मात्र १३ वर्षांपेक्षा जुन्या पेट्रोल गाड्यांना वाहनकर साधारण १५ टक्के जास्त भरावा लागतो.

अमेरिकेत २५ वर्षे पूर्ण झालेली मोटार तिथल्या सुरक्षा मानकांतून सूट मिळून आयात करता येते. एफडीच्या पहिल्या गाड्या २०१६ मध्ये या मुदतीत बसल्या आणि जपानमधील चांगल्या गाड्या परदेशी जाऊ लागल्या. २००२ मध्ये बनलेल्या शेवटच्या गाड्यांची मुदत २०२७ मध्ये पूर्ण होते. मात्र धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढणे तिथे कायद्याने गुन्हा आहे आणि कॅलिफोर्नियात मंजुरी नसलेल्या भागांवर गाडी तपासणीत नापास होते.

भारतात ‘माझदा’ हे नाव अनेकांना ‘स्वराज माझदा’च्या टेम्पो आणि मिनीबसमुळे ठाऊक आहे. आरएक्स-७ इथे नियमाने आणणे मात्र जवळपास अशक्य. वापरलेली मोटार आयात करायची तर ती उत्पादनापासून तीन वर्षांपेक्षा जुनी असता कामा नये आणि ती केवळ मुंबई बंदरातूनच आणता येते, अशी अट आहे. बदलांच्या बाबतीतही मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार वाहनाचे मूळ स्वरूप परस्पर बदलता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली.

पुढे काय?

माझदाने रोटरी पूर्णपणे सोडलेली नाही. आरएक्स-७ नंतर आलेली आरएक्स-८ २०१२ मध्ये बंद झाली. पण २०२३ मध्ये ‘एमएक्स-३० आर-ईव्ही’ मध्ये ८३० सीसीचे एका रोटरचे इंजिन परतले. ते चाके फिरवत नाही, बॅटरीसाठी वीज तयार करते. त्याच वर्षी टोकियोत दोन रोटरची ‘आयकॉनिक एसपी’ ही संकल्पना मोटार दाखवली गेली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये रोटरीच्या विकासासाठी कंपनीने पुन्हा स्वतंत्र गट स्थापन केला. एफसी आणि एफडीचे काही बंद झालेले सुटे भागही कंपनी पुन्हा बनवू लागली आहे.

तरीही जुन्या आरएक्स-७ ची संख्या यापुढे फक्त घटणार आहे. इंजिनाचे आवरण एकदा खरवडले गेले की ते बहुधा बदलावेच लागते आणि चांगली आवरणे वर्षागणिक महाग होत आहेत. त्यामुळे या मोटारीच्या जगात ‘किती अश्वशक्ती काढली’ या प्रश्नाइतकाच आता दुसरा प्रश्न विचारला जातो : ‘इंजिन किती वर्षे उघडले नाही?’ मोठ्या रेडिएटरचे, नव्या नळ्यांचे आणि खऱ्या तापमानाचा गेज लावलेल्या गाडीचे उत्तर बहुतेक वेळा अधिक चांगले असते.